मदत हवी आहे: गव्हाणी घुबडाची तीन पिल्लं पुन्हा त्याच माळ्यावर ठेवायची आहेत

नमस्कार मंडळी. जरा घाईत लिहितेय, हातात फार दिवस नाहीत.

आमच्या जवळच्या अभयारण्याला लागून जखमी वन्यजीवांचं उपचार केंद्र आहे. सुटीच्या दिवशी मी तिथे मदतीला जाते. पिंजरे धुणं, खाणं तयार करणं, नोंदी लिहिणं, अशी कामं. गेल्या गुरुवारी शेजारच्या इमारतीतून फोन आला, "माळ्यावर नाग फुत्कारतोय, लवकर या." दुरुस्तीचं काम अर्ध्यावर टाकून कामगार खाली उतरले होते. वर जाऊन बॅटरी मारली, तर कोपऱ्यात गव्हाणी घुबडाची तीन पिल्लं एकमेकांना चिकटून बसलेली. अंगावर पांढरी लव, बदामाच्या आकाराचा चेहरा, आणि तिघांची मापं वेगवेगळी. मादी दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक अंडं घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते, म्हणून एकाच घरट्यात थोरलं जवळजवळ पूर्ण पिसं फुटलेलं आणि धाकटं अजून लोकरीचा गोळा, असं दिसतं. नाग वगैरे काही नव्हतं. ही पिल्लं घाबरली किंवा भुकेली की असंच फिस्कारतात.

फळी हलवताना धाकटं खाली पडलं होतं. एकजण त्याच्या चोचीत बाटलीच्या झाकणाने पाणी सोडत होता. कळकळीनेच करत होता बिचारा, पण श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं. घुबडांना लागणारं पाणी बहुतेक शिकारीतूनच मिळतं. तिघांना भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवलं आणि रीतसर कळवून केंद्रावर आणलं.

एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं नाही. धाकट्याच्या डाव्या पंखाच्या सांध्याला सूज आहे, डॉक्टरांनी दहा दिवस विश्रांती सांगितलीय. थोरली दोन्ही ठणठणीत. पहिल्या रात्री मी नुसतं मांस बारीक करून भरवलं, तेव्हा डॉक्टर रागावले आणि ते बरोबरच होतं. हाडांशिवाय कॅल्शियम मिळत नाही, वाढत्या पिल्लाचे पाय वाकडे होतात. आता केसा-हाडांसकट मेलेले उंदीर देतोय, धाकट्याला तुकडे करून. दुसऱ्या दिवशी सकाळी खोक्यात काळपट, ओलसर, चकाकणारी पेलेट (न पचलेल्या केसा-हाडांची ओकून टाकलेली गोळी) पडलेली दिसली. फोडली तर आत उंदराची अख्खी कवटी, दात जागच्या जागी. पचन सुरळीत चाललंय म्हणून इतकं हायसं वाटलं!

त्याच दिवशी आणखी एक पाहिलं. थोरल्यासमोर उंदीर ठेवला. त्याने तो चोचीत धरला, धाकटं फिस्कारत जवळ सरकलं, आणि थोरल्याने उंदीर त्याच्या चोचीत दिला. गव्हाणीची मोठी पिल्लं लहान भावंडांना भरवतात हे मी वाचलं होतं, पण डोळ्यांनी बघणं वेगळंच. तेव्हापासून या तिघांची ताटातूट करायचा विचारही नकोसा झालाय.

आता खरी अडचण. शुक्रवारी रात्री मी त्या इमारतीच्या गच्चीवर बसले होते. अंधार पडल्यावर तासाभराने नर की मादी कोण जाणे, एक पक्षी आवाज न करता आला आणि उंदीर घेऊन माळ्यात शिरला. थोड्या वेळाने बाहेर आला, उंदीर तसाच पायात. शनिवारीही तेच. म्हणजे आई-बाप अजून येताहेत, पण किती दिवस येतील?

माझे प्रश्न असे:

थोरल्या दोघांना लगेच परत ठेवून धाकट्याला दहा दिवसांनी त्यांच्यात सोडलं, तर आई-बाप त्याला भरवतील का? माणसाचा हात लागल्याने ते पिल्लू टाकत नाहीत, एवढं माहीत आहे. भीती दुसरीच आहे. धाकटं दहा दिवस एकटं आमच्या हातून खाईल आणि माणसालाच आपलं समजू लागेल. पडद्याआडून, चिमट्याने, एक शब्द न बोलता भरवणं पुरेल का?

जुनी जागा फळ्यांनी बंद झाली आहे, म्हणून तिथेच लाकडी पेटी बसवायची आहे. भोक तळापासून किमान 45 सेंमी उंच हवं, नाहीतर पिल्लं उडता येण्याआधीच बाहेर पडतात, हे समजलंय. जमिनीवर पडलेल्या पिल्लाला गव्हाणीचे आई-बाप सहसा खाली येऊन भरवत नाहीत, म्हणून ही गोष्ट महत्त्वाची. पेटीत खाली काय अंथरावं? आमच्यात दोन मतं आहेत.

आणि सगळ्यात मोठं: मंगळवारी त्या इमारतीत उंदरांचं औषध टाकणार आहेत. ब्रोमॅडिओलोन किंवा तशाच जातीचं. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो आणि नेमका घुबडाच्या हाती लागतो. यकृतात विष साठत जातं आणि पक्षी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. गेल्या वर्षी केंद्रात असंच एक मोठं घुबड आलं होतं. तोंड आतून पांढरंफटक, पंखाखाली निळे डाग. के-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू केली, पण उशीर झाला होता. माझ्या मांडीवरच गेलं ते. त्या माळ्यावर ही पिल्लं ठेवायची आणि खाली विष, हे मला जमणार नाही.

रहिवाशांचा त्रास खोटा नाही. रात्रभर फिसफिस, जिन्यात विष्ठा, पेलेटचा वास, वरच्या मजल्यावर तान्हं बाळ. सापळे लावणं, धान्य झाकणं, बिळं बुजवणं यावर तुमच्याकडे कुणाला राजी केलंय का? काय सांगितल्यावर लोकांना पटलं?

ताजी माहिती (सोमवार रात्र): प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. पेटी बसली. संध्याकाळी थोरल्या दोघांना आत ठेवलं. नऊच्या सुमारास पक्षी आला, पेटीवर बसला, बराच वेळ मान फिरवून बघत राहिला. आतून फिस्कारणं सुरू झालं तसा आत गेला आणि रिकाम्या पायांनी बाहेर आला! बाळाच्या आईनेही खिडकीतून पाहिलं. विष महिनाभर पुढे ढकलायला तीच इतरांशी बोलतेय, सापळे मी आणून देणार आहे. अजून लेखी काही नाही. सकाळी दहाला विष टाकणारा माणूस यायचाय, त्याआधी सापळे नेमके कुठे लावायचे ते कुणी सांगू शकेल का? माळ्याच्या जिन्यात लावले तर पिल्लांना धोका आहे का?