मदत हवी आहे: सिझरच्या वेळी बसवलेल्या तांबीचा दोरा लागत नाही

पलूसची: धाकट्या जावेचं सिझर चार महिन्यांपूर्वी मिरजेत झालं, तेव्हाच तांबी बसवली. कार्डावर तांबीचा प्रकार ३८० ए लिहिलाय. बाळ अंगावर पितंय, तरी पाळी सुरू झाली आहे. पूर्वी ५ दिवस जायचं, आता ८ दिवस, पहिले दोन दिवस गाठी पडतात. हिमोग्लोबिन ९.८. पीएचसीतल्या (प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या) सिस्टर म्हणाल्या, दोरा लागत नाही, सोनोग्राफी करा. घरात एकच घोषा: तांबी वर चढली, काढून टाका. खरंच चढते का? तपासण्या कोणत्या क्रमाने करायच्या?

कृष्णाकाठ: सिझरमध्ये तांबी गर्भाशयावरच्या छेदातूनच आत वरच्या टोकाशी ठेवतात आणि दोरे आतच खालच्या दिशेला सोडतात. पुढे गर्भाशय आकसलं की ते उतरतात, पण बऱ्याच जणींचे उतरत नाहीत, आतच गुंडाळून राहतात. तेव्हा दोरा लागला नाही म्हणजे तांबी हरवली असं नाही.

क्रम असा. आधी लघवीची गरोदरपणाची तपासणी, त्याशिवाय कुणालाही आत चिमटा घालू देऊ नका. ती पॉझिटिव्ह आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण तांबी असताना गर्भ राहिला तर तो गर्भनलिकेत तर नाही ना, हे बघावंच लागतं. निगेटिव्ह आली तर सोनोग्राफी. पोटावरून करणार असतील तर लघवी तुंबवून जा. तांबी जागेवर दिसली तर विषय संपला, दोऱ्यासाठी काही करायचं नाही. सोनोग्राफीत दिसली नाही तर पूर्ण पोटाचा एक्स-रे. तांबीच्या प्लास्टिकमध्ये बेरियम सल्फेट असतं, म्हणून ती त्यात पांढरी उमटते. तिथेही नसेल तर पडून गेली. बाळंतपणात लगेच बसवलेली निसटण्याचं प्रमाण एरवीपेक्षा जास्त असतं, आणि गाठींबरोबर गेली तर कळतही नाही. निकाल लागेपर्यंत निरोध वापरा.

तांबी वर चढण्याची घरच्यांची भीती अगदीच हवेतली नाही. क्वचित, हजारात एक-दोन जणींत, तांबी गर्भाशयाची भिंत भेदून पोटात जाते, मग दुर्बिणीने काढावी लागते. पण छातीत, काळजात वगैरे जात नाही.

कोरेगाव_सिस्टर: रक्तस्रावाबद्दल. तांबीमुळे पहिले ३ ते ६ महिने पाळी जास्त जाते, दुखतंही जास्त. पित्ताचा, अल्सरचा किंवा दम्याचा त्रास नसेल तर पाळीच्या दिवसांत आयब्युप्रोफेन ४०० मिग्रॅ जेवणानंतर दिवसातून तीनदा, जास्तीत जास्त ५ दिवस. दुखणं आणि रक्त दोन्ही कमी होतं. तरी डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. ९.८ हिमोग्लोबिन मात्र दुर्लक्ष करण्यासारखं नाही. सरकारी लाल गोळीत ६० मिग्रॅ लोह असतं, अशा वेळी ती सहसा दिवसातून दोनदा देतात. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको. आपल्याकडे गोळीचा सगळा फायदा चहाच घालवतो! तासाला एक पॅड भिजू लागलं, ताप आला, घाण वासाचं पाणी जाऊ लागलं किंवा ओटीपोटात सतत दुखू लागलं तर पाळी संपायची वाट बघू नका.

सहा महिन्यांनीही रक्तस्राव आटोक्यात आला नाही तर खुशाल काढा. हार्मोनची, ५२ मिग्रॅ लेव्होनॉरजेस्ट्रेलची तांबीही मिळते, तिने पाळी कमी होते. पण ती महाग पडते.

वाईकर: तांबीच्या बदनामीचं मूळ जुनं आहे. १९६५ मध्ये सरकारने लिपीज लूप (गर्भाशयात बसवायचं प्लास्टिकचं साधन) आणला, रक्तस्रावाच्या तक्रारींना कुणी दाद दिली नाही आणि बायका धास्तावल्या. अमेरिकेत १९७०च्या दशकात डाल्कन शील्ड या तशाच साधनाचा दोरा अनेक तंतूंचा होता, त्यातून जंतू वर शिरत. आजच्या तांबीचा दोरा एकपदरी असतो. जंतुसंसर्गाचा धोका मुख्यतः बसवल्यावर पहिले तीन आठवडे. आणि ही गर्भ पाडत नाही: तांब्याचे कण शुक्राणूंना निकामी करतात, फलनच होत नाही. ३८० ए दहा वर्षं चालते, ३७५ या दुसऱ्या प्रकारची पाच वर्षं. कार्ड लॅमिनेट करून ठेवा.

पलूसची: एक्स-रे करावा लागला तर दूध थांबवायचं का?

कृष्णाकाठ: नाही. एक्स-रेचा दुधावर परिणाम होत नाही, घरी येऊन लगेच पाजता येतं. फक्त लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट सोबत न्या, एक्स-रेआधी तो विचारतीलच.