लस घेऊनही गोवर?

'लस घेतलेल्यालाही गोवर होतो, मग लस कशाला?' या वरच्या प्रश्नाबद्दल थोडी भर घालतो.

होतो, पण क्वचित. एका डोसने सुमारे ९३ टक्के, दोन डोसने ९७ टक्के लोकांना संरक्षण मिळतं. त्यातूनही झालाच तर बहुधा सौम्य असतो: ताप कमी, पुरळ विरळ. गालाच्या आत, दाढांसमोर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात, तेही अशा वेळी दिसतीलच असं नाही. म्हणून निदान हुकतं.

'विचित्र गोवर' मात्र वेगळा. १९६३ ते १९६७ दरम्यान अमेरिकेत मृत विषाणूची लस काही मुलांना दिली गेली. पुढे खऱ्या विषाणूशी गाठ पडल्यावर त्यांतल्या काहींना जोरदार ताप आणि न्यूमोनिया झाला. पुरळही उलटं! नेहमी ते चेहऱ्यावरून खाली उतरतं, इथे हातापायांपासून सुरू होऊन धडाकडे सरकलं. ती लस केव्हाच बाद झाली. आजची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची आहे. जुन्या लसीचं खापर हिच्या डोक्यावर फोडण्यात अर्थ नाही.

मला जास्त भीती वाटते ती पुरळ न येणाऱ्या गोवराची. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णात, उदाहरणार्थ केमोथेरपी चालू असताना, अंगावर काहीच न दिसता थेट फुप्फुसं बिघडू शकतात. अशांना ही जिवंत लस देताही येत नाही. त्यांचं संरक्षण आजूबाजूच्या लोकांनी घेतलेल्या लसीवरच, आणि त्यासाठी सुमारे ९५ टक्के लोकांचं लसीकरण लागतं.