‘मालकी’ खटकतेय, मग ‘वतन’ की ‘मिरास’?

रानजाई: न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी आणि ब्रिटिश यांच्यातल्या वैतांगी करारावरचा लेख मराठीत आणतेय आणि एका शब्दापाशी चार दिवस अडलेय. करार ६ फेब्रुवारी १८४० चा. इंग्रजी मसुद्यात माओरी प्रमुखांनी ब्रिटनच्या राणीला ‘सार्वभौमत्व’ दिलं. मिशनरी हेन्री विल्यम्स आणि त्याच्या मुलाने रातोरात माओरीत तर्जुमा केला, त्यात त्याचं झालं ‘कावानाटांगा’, म्हणजे गव्हर्नरचा कारभार. शिवाय दुसऱ्या कलमात जमिनी, वस्त्या, ठेवे यांवरची ‘रांगातिराटांगा’, म्हणजे प्रमुखपणाचा अधिकार, प्रमुखांकडेच राहिली. पाचशेवर सह्या, बहुतेक सगळ्या माओरी प्रतीवर. रांगातिराटांगासाठी मी ‘पूर्ण मालकी’ लिहिलं, ते खटकतंय.

जुनेदप्तर: ‘वतन’ घ्या. आमच्या घरी पाटीलकी होती. मान आणि जमीन दोन्ही त्यात येतं.

मोडीवाचक: वतनाला सनद लागते, वर राजा लागतो. माओरींना कुणी सनद दिली होती? ‘मिरास’ म्हणा, म्हणजे वंशपरंपरेचा जमीनहक्क. मिरासदार आणि उपरी (बाहेरून येऊन जमीन कसणारा) ही जोडी आपल्याकडे तयारच आहे. फक्त तिकडे उपरीच मालक झाला. १८६५ च्या तिथल्या जमीन कायद्याने मालकीच्या दाखल्यावर दहाच नावं घालायची रीत पडली, बाकीचे सगळे जणू सातबाऱ्याबाहेर!

शुद्धमती: वतन अरबी, मिरासही अरबी. ‘स्वामित्व’ काय वाईट?

मोडीवाचक: ‘जमीन’ फारसी. तीही सोडायची?

ऑकलंडकर: माओरीत जमिनीला ‘फेनुआ’ म्हणतात आणि वारेलाही फेनुआच. मूल झालं की वार आपल्या जमिनीत पुरायची. माझ्या मुलीच्या वेळी माओरी सुईणीने डबा पुढे करून विचारलं, “घरी नेणार ना?” मला आजी आठवली. मागच्या दारी खड्डा, वर हळदकुंकू, वर दगड. तेव्हापासून त्या जमिनीबद्दल ‘मालकी’ हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

जुनेदप्तर: वार बाईची. गाईची ती जार.

खिल्लारी: आमच्याकडे गाईचीही वारच पडते. पडली नाही की डॉक्टरला बोलावतो, तोही वारच म्हणतो.

रानजाई: ऑकलंडकर, हे वाचून गलबलले. मोडीवाचक, मिरास विकता येत होती ना? मग तीही कशी चालेल?

जुनेदप्तर: आईला विचारलं. जारच.