मदत हवी आहे: उमेदवारावरच्या केसचं आत्ताचं स्टेटस कुठं बघायचं?

मराठवाड्यातला आमचा ग्रामीण मतदारसंघ, विधानसभेला एक वादग्रस्त माजी आमदार उभा आहे. पहिल्यांदा मतदान करणारी पोरं म्हणायलीत नोटाच दाबू, मला ते लई लागतंय, नोटाला कितीबी पडली तरी उमेदवारांत जास्त मतंवालाच निवडून येतो ना. त्यांना पक्की माहिती द्यायचीय. फॉर्म २६ चं शपथपत्र (उमेदवार अर्जासोबत स्वतःवरच्या केसेसची माहिती देतो ते) निवडणूक आयोगाच्या साइटवरून काढलं, त्यात आरोप निश्चित झाल्याचं आहे, पुढचं काय ते कळंना. ई-कोर्ट्सवर (कोर्टातल्या केसेस बघायची सरकारी साइट) एफआयआर नंबर, ठाणं, वर्ष टाकलं, नावानंबी बघितलं, रेकॉर्ड सापडत नाही. व्हॉट्सॲपवरचं नको, पक्षाचा वादबी नको. केस आमदार-खासदारांच्या विशेष कोर्टात गेली असंल तर कुठल्या कोर्टाखाली शोधायची, आणि आम्ही पक्षकार नसताना तालुका कोर्टात जाऊन विचारलं तर सांगतात का?