नारिहिराची 'काकित्सुबाता' वाका: मात्रा जुळत नाहीत, पाठ चुकलाय का?

पानगळ
'इसे मोनोगातारी' या जुन्या जपानी कथा-कवितांच्या ग्रंथाच्या नवव्या भागातली आरिवारा नो नारिहिराची ही वाका, म्हणजे पाच ओळींची जपानी कविता, मराठीत आणायची आहे:

कारागोरोमो
कित्सुत्सु नारेनिशि
त्सुमा शि आरेबा
हारुबारु किनुरु
ताबि ओ शि झो ओमोउ

ओळींच्या आद्याक्षरांत काकित्सुबाता या फुलाचं नाव गुंफलंय, असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण चौथी ओळ 'हा'ने सुरू होते, 'बा'ने नाही. शिवाय वाका 5-7-5-7-7 मात्रांची हवी, तर तिसरी ओळ 6 भरते आणि पाचवी 8. माझ्याकडचा पाठ चुकीचा आहे का? आणि 'घरी राहिलेल्या बायकोची आठवण आली' एवढाच अर्थ असेल तर या कवितेचं इतकं कौतुक का?

शब्दवेध
पाठ बरोबर आहे. आधी 'हा'चं बघू. त्या काळच्या काना या जपानी अक्षरलिपीत 'हा' आणि 'बा' एकाच अक्षराने लिहीत. 'हा'चा 'बा' झाल्याचं दाखवणाऱ्या दोन बारीक रेघा नेमाने लावण्याची पद्धत पुष्कळ नंतरची. त्यामुळे कागदावर फुलाचं नाव का-कि-त्सु-हा-ता असंच उतरतं आणि पाच ओळींची पाच आद्याक्षरं तंतोतंत जुळतात.

आता मात्रा. देवनागरीवरून मोजताना दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. 'का' दीर्घ दिसतो म्हणून आपण दोन मात्रा धरतो. जपानीत ते काना लिपीतलं एकच अक्षर, म्हणून एकच मात्रा. 'कित्सु'मधलं जोडाक्षर पाहून 'कि' गुरू धरला जातो. तिथे 'त्सु' हे सबंध एक अक्षर आहे, 'कि' एक आणि 'त्सु' एक. काना लिपीतली अक्षरं मोजा, वृत्त मोजू नका.

तसं मोजूनही तिसरी ओळ 6 आणि पाचवी 8 च भरते, तुमचा हिशोब बरोबर आहे. याला जि-आमारि म्हणतात, म्हणजे जादा अक्षर. दरबारी कवितेत ही सवलत सरसकट नव्हती. ओळीच्या मध्ये व्यंजनाशिवायचा सुटा स्वर असेल तरच ती साधारणपणे खपे, कारण म्हणताना तो स्वर आधीच्या स्वरात मिसळून जातो. 'त्सुमा शि आरेबा'मध्ये 'आ' आहे, 'ताबि ओ शि झो ओमोउ'मध्ये 'ओमोउ'चा 'ओ'. दोन्ही ओळी नियमात बसतात.

कौतुक कशाचं, ते श्लेषात आहे. जपानी संज्ञा काकेकोतोबा. एकेक शब्द धरून बघा:

कारागोरोमो: चिनी घाटाचं वस्त्र. 'कि' या धातूच्या आधी येणारा हा ठरलेला शब्द.
कि: अंगात घालणं, आणि येणं.
नारे: कपडा वापरून मऊ पडणं, आणि माणसाची सवय जडणं.
त्सुमा: पत्नी, आणि वस्त्राची किनार.
हारुबारु: दूरवर. त्यातला 'हारु' म्हणजे कापड ताणून बसवणं.

म्हणजे पत्नी, सहवास, अंतर, प्रवास हे सगळं बोलताना खालून एक अख्खा कपडा उलगडत जातो. एकाच गोतावळ्यातले शब्द असे पेरण्याला एंगो म्हणतात. वर आद्याक्षरांची अट. हे सारं 31 मात्रांच्या साच्यात, आणि तरी भावना कुठे ओढूनताणून आणलेली वाटत नाही. मला तरी या ताकदीची दुसरी आद्याक्षरी वाका दिसलेली नाही.

जुनेपान
मराठीत आणताना काही गोष्टी सोडून द्याव्याच लागतील, तर कुठल्या ते आधी ठरवा. आद्याक्षरं सोडा. 'त्सु'ने सुरू होणारा शब्द मराठीत मिळणार नाही, आणि फूल बदललं तर प्रसंगच बदलतो. मूळ ओळी देवनागरीत शेजारी छापून पाच अक्षरं ठळक करा, पुरे. 'शि' दोनदा आलाय, तो निव्वळ जोर देणारा निपात, म्हणजे छोटं अव्यय; त्याला वेगळा शब्द शोधू नका. 'हारु'चा श्लेषही टिपेत जाऊ द्या. पण 'नारे' मात्र काही झालं तरी हातचा सोडू नका. वापरून अंगासारखा झालेला कपडा आणि सहवासाने मुरलेली पत्नी हा कवितेचा कणा आहे. मी असं करेन:

अंगवळणी पडलेल्या वस्त्रासारखी
जिची सवय जडली
ती पत्नी मागे राहिली,
आणि किती लांब आलो मी,
हेच या वाटेवर मनाला लागतं.

प्रसंगही सोबत द्या. मिकावा प्रांतातलं यात्सुहाशि. कोळ्याच्या पायांसारखे पाण्याचे फाटे फुटलेले, त्यांवर आठ पूल. प्रवासी मंडळी घोड्यांवरून उतरून झाडाच्या सावलीत वाळवलेला भात खायला बसतात. दलदलीत काकित्सुबाता फुललेला. कोणीतरी म्हणतं, ही पाच अक्षरं ओळींच्या सुरुवातीला ठेवून प्रवासाची भावना सांग. कविता ऐकून सगळ्यांची आसवं भातावर पडतात आणि तो फुगून येतो. वाळवलेला भात पाण्याने फुगतो हे लक्षात असलं तरच हे वाक्य कळतं, म्हणून तिथे टीप हवी.

पानगळ
खूप मदत झाली. शीर्षकात कवी म्हणून नारिहिराचं नाव घालू ना? 'इसे'त तर नुसता 'पुरुष' आहे.

निळीशाई
कवीचं नाव घाला, मात्र 'कोकिनशू' या वाकासंग्रहाच्या आधारावर. 905 च्या सुमाराच्या त्या संग्रहात ही वाका क्रमांक 410, प्रवासाच्या नवव्या खंडात, नारिहिराच्याच नावावर आहे. त्याच्या नावावरच्या तिथल्या 30 कविता 'इसे'तही येतात. पण 'इसे'च्या प्रचलित पाठात 125 भाग आणि 209 कविता आहेत, त्यात इतरांच्याही पुष्कळ. तेव्हा 'इसे'तला प्रत्येक प्रसंग त्याच्या चरित्रात घुसडू नका. तिथूनच बहुतेक घोटाळे होतात.

चरित्र म्हणून पक्कं एवढं: जन्म 825, सम्राट हेइझेईचा नातू, राजपुत्र आबोचा मुलगा. 826 मध्ये आरिवारा हे कुलनाम मिळालं आणि तो राजघराण्यातून सरदारांत आला. पुढे राजरक्षक दलात चूजो हे अधिकारपद, आणि 880 मध्ये मृत्यू. जपानी गणतीने वय 56. राजइतिहासातल्या मृत्युनोंदीत रूप देखणं, वागणं बेबंद, विद्या बेताची, वाका उत्तम, असा शेरा आहे. 'विद्या' म्हणजे चिनी ग्रंथांची, हे विसरू नका. नाहीतर तो अडाणी ठरतो.

आणखी एक. 'कोकिनशू'च्या प्रस्तावनेत त्या संग्रहाच्या संपादकांपैकी एक, त्सुरायुकी, म्हणतो की नारिहिराचं मन ओसंडतं, शब्द अपुरे पडतात. रंग गेलेल्या फुलाचा सुगंध मागे राहावा तसं. म्हणूनच त्याच्या कवितांना जोडलेल्या प्रसंगटिपा इतरांच्या मानाने लांबलचक आहेत, आणि त्या गाळून भाषांतर केलं की कविता पांगळी होते. क्रमांक 747 घ्या: चंद्र तो नव्हे का? वसंत पूर्वीचा वसंत नव्हे का? माझा देह तेवढा पूर्वीचाच. नुसतं वाचून हाती काय लागतं? टीप सांगते की प्रिया राहायची ती वाड्याची पश्चिमेकडची बाजू. पहिल्या महिन्याच्या दहा तारखेनंतर ती तिथून नाहीशी झाली. पुढच्या वसंतात उमेचं फुलझाड बहरलेलं असताना तो चांदण्या रात्री तिथे गेला आणि चंद्र कलेपर्यंत उघड्या फळ्यांवर पडून राहिला. त्यातला 'या' हा निपात खरा प्रश्न आहे की 'तोच तर आहे' असं सुचवणारा, यावर भाष्यकारांत जुना वाद आहे. मराठीत 'नव्हे का' ठेवलंत तर दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. आणि पहिली ओळ मोजून बघा, 'त्सुकि या आरानु'. 6 भरते, मध्ये सुटा 'आ'.