मदत हवी आहे: पाऊस उघडला की मलेरियाची भीती
नमस्कार मंडळी, मी खानापूरकडचा. आमच्याकडं जून-जुलैत धो धो पाऊस, त्यात डासाच्या अळ्या वाहून जातात, पण नंतर उघडीप पडली की भातशेतात, खड्ड्यात स्वच्छ पाणी साचतं आणि मलेरिया पसरवणाऱ्या डासाला, म्हणजे अ‍ॅनाफिलीसला तेच पाहिजे, अंड्यापासून डास व्हायला साधारण 10 दिवस पुरतात. वर 25-28 डिग्री आणि दमट हवा, म्हणजे डासाच्या पोटात जंतू पण भरभर वाढतो. मंगळूरकडं कामाला असलेली पोरं गणपतीला घरी येतात, एकाच्या जरी रक्तात मलेरिया असला तर इथल्या डासांतून पसरू शकतो, हीच खरी काळजी.
विहिरीत, हौदात डासाच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडायचेत. बेळगाव, निपाणीकडं कुणी सोडलेत काय, कुठनं आणले? भातशेतातलं पाणी मधे मधे सोडून दिलं तर पिकाला चालतंय का? अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा.