मदत हवी आहे: जपानमधलं ओबामा फूड म्युझियम, सोबत शाकाहारी आई

एप्रिलमध्ये आईबाबांना घेऊन क्योटोला जातेय, तिथून एक दिवस फुकुईमधल्या ओबामा गावी जायचंय, तिथलं मिकेत्सुकुनी वाकासा ओबामा शोकुबुंकाकान हे फूड म्युझियम बघायला. क्योटोच्या दरबाराला मासे, मीठ पुरवणारा हा भाग, बांगडे इथूनच पाठीवर लादून डोंगरातून क्योटोला न्यायचे, त्या वाटेला साबा काइदो म्हणतात. बाबा पक्के मालवणी, बांगडा मीठ लावून मग तांदळाच्या कोंड्यात महिनोन् महिने मुरवतात तो हेशिको त्यांना बघायचाय आणि खायचाय पण.

थंडरबर्ड ट्रेनने त्सुरुगा आणि पुढे ओबामा लाईनची ट्रेन, एवढं ठरलंय. ओमी-इमाझूहून बस पण आहे पण आईला घाटात गाडी लागते म्हणून नको. म्युझियमची साईट ट्रान्सलेट करून वाचली, तिथे स्वयंपाकाचे वर्ग होतात हे कळलं, पण फोन करावा तर आम्हाला कोणालाच जपानी येत नाही.

अडचण आईची. ती मासे अजिबात खात नाही, काट्सुओबुशीची (सुकवलेल्या माशाच्या किसाची) दाशी, म्हणजे सूपचं पाणी, पण नको, कोम्बूची (समुद्री शेवाळाची) चालेल, अंडं चालत नाही, कांदा लसूण चालतो. नुसतं बसून राहायला तिला आवडणार नाही, तिला हाताने काहीतरी करायचंय.

तर कोणी तिथे जाऊन आलंय का? वर्गात मासे नसलेला पदार्थ करायला मिळतो का, आणि जपानी न येणाऱ्यांना घेतात का? नसेल तर आसपास आईला पोटभर जेवता येईल असं काय आहे?